गाडी पॉइंटवर हाय

पत्ता सांगणाऱ्या माणसावर आमच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हर मामांचा कधी विश्वास बसला नाही. कॉल आला की मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडाजवळ धरायचे आणि गाडी चालवता चालवता ते रुग्णाच्या घरच्यांची उलटतपासणी घ्यायचे. देऊळ म्हणता ते कर्जतकडून येताना कुठल्या हाताला? घराचं दार कुठल्या अंगाला? समोर हातपंप आहे म्हणता, त्याला पाणी येतं का? पलीकडचा माणूस रडकुंडीला यायचा. एकदा एका बाईने वैतागून विचारलं की तुम्ही गाडी घेऊन येताय की जमीन मोजायला. मामांना त्याचं काही वाटायचं नाही.

"फोनवरचा माणूस खोटं बोलत नाय, डॉक्टरबाई," ते म्हणायचे. "पण घाबरलेल्या माणसाला सोताचं घर कुठं हाय ते पण धड म्हाईत नसतं."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. फलटणकडची, नुकतीच बीएएमएस झालेली आणि सरकारी रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून कर्जत-खालापूरला लागलेली. या गाडीच्या ड्रायव्हरला कागदोपत्री पायलट म्हणतात. मामांना तो शब्द चालायचा नाही. पन्नाशी उलटलेले, उंच, मानेत जरा वाकलेले, सतत आरशात बघायची सवय लागलेले असे ते होते. गाडी उभी असली तरी दर मिनिटाला आरशात बघायचे. त्यांचं गाव कर्जतच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला होतं, थोडी भातशेती होती. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नसावं, कारण उलट त्यालाच दहा प्रश्न ऐकावे लागले असते.

चहा ते आधी हुंगायचे, मग प्यायचे. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आला की काट्याकडे न बघता पान्याने त्याच्यावर वरपासून खालपर्यंत टकटक करत आवाज ऐकायचे. मी म्हटलं, मामा, काटा कशाला दिलाय मग? तर म्हणाले, काटा माणसानंच बसवलाय ना. पुढे एकदा खरोखरच भरलेला दाखवणारा काटा अडकलेला निघाला आणि सिलिंडर रिकामा. त्या दिवसापासून मी त्या टकटकीवर बोलणं सोडलं. संशयी माणूस दहातून एकदा खरा ठरला की उरलेल्या नऊ वेळा आपल्यालाच गप्प बसावं लागतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आधी आमची गाडी दवाखान्याच्या आवारात उभी असायची. कॉल आला की तिथून निघायची. दोन्ही तालुके पसरलेले, रस्त्यावर ट्रकांची गर्दी, त्यामुळे पोचायला उशीर व्हायचा. मग वरून नवी पद्धत आली. कुठल्या वेळी कुठून जास्त कॉल येतात ते बघून कुणीतरी एक तक्ता केला होता. सकाळी आठ ते अकरा दहिवली, मग एकपर्यंत चौक फाटा, एक ते चार खालापूरला टोलनाक्याच्या अंगाला, त्यानंतर ड्युटी संपेपर्यंत कर्जत रस्त्यावर. गाडीने दवाखान्यात बसून राहायचं नाही, जिथे गरज पडेल तिथे आधीच जाऊन उभं राहायचं. या जागांना पॉइंट म्हणायचं. मला हे फार पटलं.

मामांनी तक्ता डोळ्यांजवळ धरून वाचला आणि विचारलं, हा कुणी केला? मी म्हटलं, संगणकाने. त्यावर त्यांनी विचारलं, त्यानं चौक फाटा बघितलाय का?

लोकांनाही आमचं हे उभं राहणं पटलं नाही. दहिवलीत एक म्हातारी रोज सकाळी गल्लीतून काठी टेकत यायची, मागच्या काचेला डोळे लावायची आणि विचारायची, "कोन गेलं रं?" कुणी गेलं नाही म्हटलं की तिचा विश्वास बसायचा नाही. कुणी गेलं नाही, तर गाडी कशाला उभी? चौक फाट्यावरचा हॉटेलवाला तिसऱ्याच दिवशी आला. दारात रुग्णवाहिका बघून गिऱ्हाईक पुढे निघून जातं, माझ्या वड्यापावाने कुणाला तरी काही झालंय असं त्यांना वाटतं, म्हणाला. एका मंगल कार्यालयाच्या माणसाने, लग्नाच्या दारात ही गाडी नको म्हणून, हात जोडले. खालापूरला दोन-तीन पोक्त माणसं येऊन हळू आवाजात विचारू लागली की तालुक्यात काही साथ निघालीय का आणि आम्ही ती लपवतोय का.

मी म्हटलं, मामा, यांना सरळ खरं सांगून टाका ना.

"खरं काय सांगू?" ते म्हणाले. "तुमच्यातलं कोन तरी आज पडनार हाय असं संगणकाला वाटतंय, म्हनून आमी थांबलोय, असं सांगू?"

कंट्रोल रूममधून तासातासाला फोन यायचा. एक मुलगी एकसुरात विचारायची, पॉइंटवर आहात का? मामा तितक्याच एकसुरात सांगायचे, "गाडी पॉइंटवर हाय." पहिले दोन महिने ते खरं होतं.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी एक वाजता चौक फाट्यावरून खालापूरकडे वळायच्या ऐवजी मामांनी गाडी उलट दिशेला, पनवेलच्या अंगाला घातली. मी विचारलं. मागच्या चाकात हवा कमी वाटते, म्हणाले. जुन्या हायवेवर लोधिवलीच्या जवळ रस्त्याकडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे चाचा म्हणत. साठीचे, पांढरी दाढी राखलेले. त्यांचे आजोबा श्रीवर्धनकडून इकडे आले होते. जगात मामांनी ज्याच्या हातात गाडीचं चाक दिलं असेल असा हा एकच माणूस. चाचांनी हवा बघितली. हवा बरोबर होती. तरी आम्ही चार वाजेपर्यंत तिथेच उभे राहिलो. दोन वाजता आणि तीन वाजता फोन आला आणि दोन्ही वेळा मामांनी सांगितलं, गाडी पॉइंटवर हाय.

दुसऱ्या दिवशी कारण होतं मोबाइलची रेंज. तिसऱ्या दिवशी कारण सांगितलंच नाही. मग ते रोजचंच झालं.

खरं तर त्याच दिवशी मी कंट्रोल रूमला कळवायला हवं होतं. पण मी नवी होते, मामा वयाने मोठे होते, आणि मला उत्सुकता होती. मी बघत बसले.

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, वीसेक पावलं आत एक कौलारू घर होतं. पुढे बसकी भिंत. सव्वा एकच्या सुमाराला पन्नाशीची एक बाई बाहेर यायची, रस्त्याकडे न बघता भिंतीवर एक लाल टॉवेल पसरायची आणि आत जायची. मामा ते आरशात बघायचे आणि मग डबा उघडायचे. एके दिवशी टॉवेल आला नाही. मामांनी डबा उघडला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते पावणेतीनपर्यंत तसेच बसले. मी काही बोलले तर ऐकूच जात नव्हतं. मग बाई आली, टॉवेल पसरला, आणि मामांनी पाच मिनिटांत डबा संपवला.

आमच्या गावाकडे अशा खुणांच्या गोष्टी मी लहानपणी खूप ऐकल्या होत्या. बाईने वाळत घातलेलं कापड आणि रस्त्यावर थांबलेला माणूस, याचा अर्थ एकच असायचा. मी चाचांना सहज विचारल्यासारखं विचारलं, समोर कोण राहतं? चाचांनी टायरवरची नजर न काढता सांगितलं, एक आजारी माणूस आणि त्याची बायको. मुलं मुंबईला असतात.

आजारी नवरा आणि त्याची बायको. माझा संशय पक्का झाला.

त्याच आठवड्यात रुग्णाच्या बोटाला लावून ऑक्सिजन बघायचा चिमटा जागेवर नव्हता. मामा म्हणाले, सीटखाली पडला असेल, बघतो. दुसऱ्या दिवशी तो परत पिशवीत होता आणि त्याच्या आतल्या बाजूला हळदीचा डाग होता. आमच्या गाडीत हळद कुठून येणार? मी तो स्पिरिटने पुसून टाकला. पण केसपेपरच्या पॅडच्या शेवटच्या पानावर मी रोजची वेळ लिहायला लागले. किती वाजता आलो, किती वाजता निघालो, टॉवेल आला की नाही. आज मला त्या पानाची लाज वाटते. तेव्हा मी ते फार मन लावून लिहीत होते.

माझ्या संशयाचं पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक, पण एका दुपारी आम्ही लोधिवलीला उभे असताना खालापूरच्या टोलनाक्याजवळून कॉल आला. बाळंतीण, टेंपोत आहे, कळा थांबत नाहीत. तक्त्याप्रमाणे आम्ही तिच्यापासून चार मिनिटांवर असायला हवे होतो. चौकाला ट्रक अडकले होते. आम्हाला पंचवीस मिनिटं लागली.

बायकांनी टेंपोभोवती साड्या धरल्या होत्या. मूल झालेलं होतं आणि रडत नव्हतं. अंगाचा रंग मला अजून आठवतो. मी त्याचं तोंड-नाक साफ केलं, पाठ चोळली, दाबायच्या रबरी पिशवीने हवा दिली, आणि किती वेळाने ते मला सांगता येणार नाही, पण ते रडलं. आई ठीक होती. तिची बहीण माझ्याकडे नाही, मामांकडे वळून म्हणाली, "इथं रोज गाडी असायची म्हनून आमी थांबलो. नायतर केवाच रिक्षानं गेलो असतो. कुठं व्हता तुमी?"

मामांनी खाली बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना उलट प्रश्न न विचारता उभं राहिलेलं पाहिलं.

मला वाटलं, आता तरी हे थांबेल. दुसऱ्या दिवशी एक वाजता गाडी पुन्हा लोधिवलीला वळली. त्या संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मी जिल्ह्याच्या सुपरवायझरना फोन केला आणि पानावरच्या सगळ्या वेळा वाचून दाखवल्या. टॉवेलचं मात्र बोलले नाही. त्यांनी विचारलं, कारण काय? मी म्हटलं, माहीत नाही. माझं नाव कुठे येणार नाही असं त्यांनी सांगितलं आणि ते पाळलं.

तीन दिवसांनी ते आले. मामांना दवाखान्याच्या आवारात उभं करून त्यांनी एकेक दिवस आणि वेळ वाचली. लेखी ताकीद दिली. गाडी पॉइंटवरून हलली तर कंट्रोल रूममध्ये सूचना वाजेल अशी व्यवस्था केली. मामांनी ताकीदीचा कागद घडी करून खिशात घातला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मिनटामिनटाचं लिवलेलं व्हतं. दिवसभर समोर बसनाराच असं लिवू शकतो."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.  पुढे ते म्हणाले, "चाचानं केलं."

त्या वेळी मी बोलले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी बोलले नाही. पुढे रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज ते जास्त अवघड होत गेलं. मामांनी चाचांचं दुकान सोडलं. हवा भरायला खोपोलीपर्यंत जायचे. एकदा चौक फाट्यावर चाचा समोरून आले, हात वर केला, तर मामांनी काच वर घेतली. चाचा हात तसाच धरून उभे राहिले. तीस वर्षांची ओळख होती दोघांची. मला कळेना की या माणसाला सगळ्या जगाचा संशय येतो, चहाचा, काट्याचा, देवळाच्या दिशेचा, मग शेजारच्या सीटवर बसून जी लिहीत होती तिचा का येत नाही?

एक ते चार आता गाडी खालापूरला असायची. मामा डबा आणायचे आणि बंदच परत न्यायचे.

महिना-दीड महिना असाच गेला. मग एका दुपारी कॉल आला. कंट्रोल रूमची मुलगी म्हणाली, लोधिवली, पुरुष, वय साठ, श्वास लागलाय. मी घरच्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि सवयीने मामांच्या तोंडाजवळ धरला. मामांनी एक शब्द विचारला नाही. देऊळ नाही, हातपंप नाही. गाडी सायरन लावून निघाली होती.

त्या कौलारू घरासमोर ती थांबली तेव्हा मी मनातल्या मनात सगळं जुळवून बसले होते. टॉवेलवाली बाई दारात होती. तिने मामांना बघितलं आणि म्हणाली, "भावजी, किती उशीर केलात."

एका शब्दाने माझं ते पान फाटलं. भावजी. हिचा नवरा यांचा भाऊ होता.

आत खाटेवर एक माणूस पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसला होता. खांदे वर चढलेले, ओठ काळपट. मानेतला बाक मामांसारखाच. मी चिमटा काढला तर त्याने स्वतःहून बोट पुढे केलं. बोटांना चिमट्याची सवय होती. हळदीचा डाग त्याच्या बायकोच्या हाताचा, तेही कळलं. ज्या दिवशी टॉवेल उशिरा आला त्या दिवशीचंही कळलं. भिंतीवर टॉवेल म्हणजे आज श्वास ठीक आहे, एवढाच निरोप होता तो.

मी नेब्युलायझर लावत होते. त्याची नजर माझ्या मागे दाराकडे गेली आणि त्याने मास्क काढून टाकला.

"ह्याला भायेर काढा," तो म्हणाला. एकेका शब्दाला थांबत. "ह्याच्या गाडीत... मी बसनार नाय."

मामा दारातून मागे सरकले. मी त्याला समजावलं, की गाडी सरकारची आहे, औषध मी देणार आहे, मामा तुम्हाला हात लावणार नाहीत. तो मान हलवत राहिला. यात वेळ जात होता आणि त्याच्याकडे वेळ नव्हता. शेवटी त्याची बायको पदर खोचून पुढे झाली. "नका बसू," ती म्हणाली. "मी बसते. तुमी ऱ्हावा हितं एकटं." आणि ती खरोखरच जाऊन गाडीत बसली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मला हात दिला.

आम्ही पनवेलकडे निघालो. त्याला टेकवून बसवलं होतं. ऑक्सिजन लावला होता, थोडा रंग परत येत होता. गाडीच्या मागच्या भागातून पुढे ड्रायव्हरकडे बघायला एक लहानशी खिडकी असते. ती उघडीच होती. त्याचं तोंड तिकडेच होतं आणि तो मामांच्या मानेकडे एकटक बघत होता.

"त्याला सांगा," तो मास्कमधून म्हणाला, "येवढी जोरात नको."

मधे दोन हातांचं अंतर होतं. मामांना ऐकू गेलेलं असणारच. तरी मी सांगितलं, "मामा, ते म्हणतात एवढी जोरात नको."

"त्यांना सांगा," मामा मान न वळवता म्हणाले, "काटा साठच्या वर नाय."

"काट्यावर... ह्याचा कवापासनं इस्वास बसला?"

हे मी पोचवलं नाही. आरशात मामांचे डोळे दिसले, ते रस्त्यावर होते.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पुढं पूल हाय. डाव्या अंगाला खड्डा. सांगा."

"बुजवला," मामा म्हणाले.

"कवा?"

"दिवाळीच्या आदी."

"खोटं."

गाडी पुलावरून गेली. धक्का बसला नाही. त्याने बायकोकडे बघितलं, जणू तीही यात सामील होती. आणि होतीच.

मग तो म्हणाला, आणि हे त्याने खिडकीकडे बघून म्हटलं, "दारात गाडी लावून बसत व्हता. रोजचं. इचारा त्याला, कशाची वाट बघत व्हता? मी मरायची?"

हे मला पोचवता आलं नाही. पोचवायची गरजही नव्हती. मामांनी समोरचा एक ट्रक ओलांडला. मग मामा म्हणाले, "त्याला सांगा, दुपारी वहिनी एकटी असती. गाडी खालापूरला उभी असली तर बारा किलोमीटर. चौकाला ट्रक. म्हनून." आणि थोडं थांबून, "बाकी काय नाय."

भावाने डोळे मिटले. मला वाटलं त्याला ग्लानी आली, म्हणून मी नाडी धरली. त्याने डोळे न उघडताच विचारलं, "मग आता का येत नाय? म्हयना झाला."

 मी त्याच्या मास्कची पट्टी सारखी केली. ती सारखीच होती.

पनवेलला त्याला दाखल केलं. मामा वॉर्डाच्या दारातून आत आले नाहीत. परतताना आम्ही लोधिवलीवरून गेलो तेव्हा चाचा दुकानाबाहेर उभे राहून बघत होते. मामांनी काच वर घेतली.

मागची हकीकत मला नंतर चाचांनीच सांगितली. त्यांच्याकडे मी एका सुटीच्या दिवशी मुद्दाम गेले होते. दोघा भावांची आई वारल्यावर जमीन विकायला संमती देणारा एक कागद निघाला, त्यावर म्हातारीचा अंगठा होता. थोरल्याला वाटतं तो धाकट्याने, म्हणजे मामांनी, घेतला. धाकट्याला वाटतं थोरल्याने घेतला. जमीन कुणी विकली नाही, ती अजून तिथेच आहे, पण अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. थोरला गाव सोडून लोधिवलीला आला, कारखान्यात लागला, तिथे फुप्फुसं गेली. चाचांना सगळं माहीत होतं. मामांनी त्यांना शपथ घातली होती की कुणाला सांगायचं नाही.

मी चाचांना सांगितलं की तक्रार मी केली होती. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. रागावले नाहीत. "मला वाटलंच होतं," म्हणाले. "माझ्याकडे घड्याळच नाही, मी मिनिटं कशी लिहिणार? पण त्याला हे सुचलं नाही."

मी अजून तो हिशोब मनात करते. लोधिवलीला गाडी होती म्हणून एक मूल जवळजवळ गेलं होतं. खालापूरला गाडी होती म्हणून एक माणूस. दोघेही वाचले, म्हणून मला झोप लागते. मामांनी सरकारी गाडी आपल्या भावाच्या दारात नेऊन उभी केली हे चूकच होतं, आणि मी ते सांगितलं हे बरोबरच होतं. पण मी सांगितलं ते त्या टेंपोतल्या मुलासाठी की त्या लाल टॉवेलसाठी, याची मला खात्री देता येत नाही.

थोरला भाऊ आठ दिवसांनी घरी आला. घरात ऑक्सिजनचं यंत्र बसलं. दोघं बोलायला लागले असं काही झालं नाही. वहिनी मात्र एकदा दवाखान्यात भेटली तेव्हा म्हणाली की ते रोज दुपारी रस्त्याकडे बघतात आणि विचारतात, आता गाडी का थांबत नाय, ह्यात काय तरी काळंबेरं हाय.

वर्षभराने मला माझ्या जिल्ह्यात नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी, दहिवलीच्या पॉइंटवर, मी मामांना सांगितलं. सगळं. पॅडचं शेवटचं पान, वेळा, फोन, टॉवेलबद्दल मी काय समजले होते तेसुद्धा. बोलताना मी समोरच्या काचेकडे बघत होते. ते रागावतील, गाडीतून उतरायला सांगतील, निदान काच वर घेतील, असं मला वाटत होतं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग आरशात बघितलं. मग माझ्याकडे.

"चाचानं सांगायला लावलं ना तुमाला?" ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. आईची शपथ घेतली. पॅडचं ते पान मी कधीच फाडून टाकलं होतं, नाहीतर तेच दाखवलं असतं. ते मान हलवत राहिले. "जायच्या दिवशीच कसं सुचलं? तुमी आता जानार, तुमचं काय जातंय. त्यानं बरोबर दिवस बघून पाठवलं." मी रडायला लागले तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि अगदी मायेने म्हणाले, "तुमी चांगल्या हायसा, डॉक्टरबाई. म्हनून लोक तुमाला वापरतात."

त्यांना माझ्याबद्दलचं खरं पटवून देणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. मी फलटणला आले.

दोन-अडीच महिन्यांनी चाचांचा फोन आला. मी घाबरतच उचलला. चाचा हसत होते. म्हणाले, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी ड्युटी संपल्यावर तुमचे मामा दुकानात आले. बाईमाणसाला खोटं बोलायला लावलंस, तुला लाज नाही वाटली, म्हणून अर्धा तास भांडले. चाचाही भांडले. दुसऱ्या दिवशी मामांना रात्रीतून नवे मुद्दे सुचले होते, म्हणून पुन्हा आले. आता रोज येतात, बाकावर बसतात, त्याच विषयावर भांडतात, आणि समोरच्या घरातून वहिनी दोघांना चहा पाठवते. परवा थोरला भाऊ नळीसकट भिंतीपर्यंत चालत आला होता, एवढा आरडाओरडा कशाचा ते बघायला.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलतात का?

"बोलतो ना," चाचा म्हणाले. "कालच विचारत होता, डॉक्टरबाई खरंच गावाला गेल्या का? मी म्हटलं, गेल्या. तर मला म्हणतो, तू बघितलंस?"